विद्यार्थ्याचे पहिले क्रेडिट कार्ड : पत हवी, व्याज नको

पिंपळे सौदागर या नावातच व्यापार आहे. सौदागर म्हणजे व्यापारी, आणि व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याच्या गल्ल्यात नसते, ती बाजारातील त्याच्या शब्दात असते. लाख गेले तरी चालतील पण साख जाता कामा नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. पूर्वी ही साख किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत आणि आडत्याच्या खात्यात मोजली जाई. आज ती संगणकात नोंदली जाते आणि तिला एक तीन अंकी आकडा दिला जातो. त्या आकड्याची सुरुवात आता विशीच्या आतबाहेरच होऊ लागली आहे.

पवनेच्या काठचे हे एकेकाळचे शेतीचे गाव आज उंच इमारतींनी भरून गेले आहे. एका बाजूला हिंजवडीच्या संगणक कंपन्या, दुसऱ्या बाजूला पिंपरी, भोसरी व चाकणचे कारखाने आणि आसपास ताथवडे, आकुर्डी, निगडी येथील महाविद्यालये. त्यामुळे शिवार चौक आणि कोकणे चौकाच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांतून राहणारे विद्यार्थी पुष्कळ दिसतात. मराठवाडा, सोलापूर, खानदेश, कोकण अशा सर्व भागांतून ही मुले-मुली येतात. त्यांत आपल्या समाजातील विद्यार्थीही आहेत. कित्येकांच्या घरात बँकेशी संबंध म्हणजे पगाराचे किंवा दुकानाचे खाते, एवढाच.

या विद्यार्थ्यांना कार्ड विकणारे लोक एकच गोष्ट सांगतात. "आत्ताच क्रेडिट कार्ड घ्या, सिबिल तयार होईल, पुढे घरासाठी आणि धंद्यासाठी कर्ज मिळायला सोपे जाईल." सुट्टीत मुलगा घरी जाऊन हे सांगतो तेव्हा वडील विचारतात, "आणि व्याजाचे काय?" हा प्रश्न जुन्या वळणाचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. दीनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहेच, पण निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही कार्ड निवडण्याची सुरुवात याच प्रश्नापासून झाली पाहिजे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी पतीची ही नोंद काय असते ते पाहू.

पतीची वही कोण लिहितो?

आपल्या देशात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 1980 मध्ये क्रेडिट कार्ड आणले. त्या काळी कार्ड ही मोठ्या पगारदारांची चीज होती, आणि ग्राहकाची माहिती प्रत्येक बँकेपाशी स्वतंत्र राहत असे. एका बँकेचे पैसे बुडवून दुसरीकडे कर्ज मागणारा माणूस सहज सुटून जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी 2000 मध्ये सिबिल ही कंपनी स्थापन झाली. 2005 मध्ये पतविषयक माहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या हे काम करतात. लोक मात्र चौघींच्याही आकड्याला सरसकट "सिबिल" म्हणतात.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2015 मध्ये सर्व कर्जदात्या संस्थांना या चारही कंपन्यांचे सभासद होण्यास सांगितले. सहकारी बँकाही यात आल्या. म्हणजे कर्ज मोठ्या खाजगी बँकेचे असो की आपल्या माहितीतल्या सहकारी बँकेचे, परतफेडीची नोंद होतेच. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा पाठवली जाई. 1 जानेवारी 2025 पासून ती दर पंधरवड्याला पाठवण्याचा नियम लागू झाला. चूक केली तर ती लवकर दिसते आणि सुधारली तर तेही लवकर दिसते.

हा आकडा 300 ते 900 यांच्या दरम्यान असतो. हप्ते आणि बिले वेळेवर भरली का, मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरली, खाते किती जुने आहे, कोणकोणत्या प्रकारची कर्जे आहेत आणि थोड्या काळात किती ठिकाणी अर्ज केले, यांवर तो ठरतो. बचत खात्यात शिल्लक किती आहे हे त्यात नसते. धर्म किंवा जात यांचाही त्यात रकाना नाही. ज्याने कधीच कर्ज घेतले नाही त्याचा आकडा वाईट नसतो. त्याच्या नावापुढे फक्त इतिहास नाही एवढेच दिसते. वही कोरी असणे आणि वहीत लाल शाईने लिहिलेले असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिले कर्ज बहुधा कार्डाचे नसते

क्रेडिट कार्ड घेतल्यावरच आपली वही उघडेल असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा आधीच उघडलेली असते. मोबाईल फोन हप्त्यांवर घेतला की ते कर्जच असते. दुकानदार त्याला "शून्य व्याजाची योजना" म्हणो वा आणखी काही, मागे एखादी वित्त कंपनी असते आणि हप्ता चुकला की नोंद होते. अशा हप्त्यांच्या व्यवसायात देशभर नाव झालेली बजाज फायनान्स ही कंपनी तर आपल्याच शेजारची. 1987 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीत आहे. 15 नोव्हेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने तिला ऑनलाइन खरेदीच्या व झटपट हप्ता कार्डाच्या दोन योजनांतून नवी कर्जे देण्यास मनाई केली. ग्राहकाला कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता देण्याविषयीच्या नियमांचे पालन झाले नाही, हे त्यामागचे प्रमुख कारण होते. कंपनीने दुरुस्त्या केल्यानंतर 2 मे 2024 रोजी ही मनाई उठली. धडा असा की अटींचा कागद मागून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि त्या कागदाला रिझर्व्ह बँकही किती महत्त्व देते हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण "आत्ता घ्या, नंतर द्या" म्हणणाऱ्या मोबाईल ॲपचे. तरुणांना कार्डासारखे दिसणारे कार्ड देऊन त्यामागे लहान कर्ज जोडण्याची पद्धत काही वर्षे जोरात होती. जून 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा बिगर-बँक प्रीपेड कार्डांत कर्जाऊ रक्कम भरण्यास मनाई केली आणि अनेक कंपन्यांना धंद्याची पद्धत बदलावी लागली. तिसरे उदाहरण शैक्षणिक कर्जाचे. त्यात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला तर मुलाच्या आणि पालकाच्या अशा दोन्ही वह्या बिघडतात.

म्हणून कार्डाचा अर्ज करण्यापूर्वी आपली वही स्वतः पाहावी. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. ही सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 2017 पासून सुरू झाली. आपल्या नावावर आपण न घेतलेले कर्ज दिसले किंवा फेडलेले कर्ज बाकी दिसले तर तेथेच तक्रार करावी. 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याची तरतूदही आहे.

व्याज भरल्याने पत वाढत नाही

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. थोडे बिल मागे ठेवले, त्यावर थोडे व्याज भरले की बँक खूश होते आणि सिबिल वाढते, असा एक समज तरुणांत आहे. तो साफ चुकीचा आहे. आकडा वाढतो तो वेळेवर भरण्याने. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला एक पैसाही व्याज पडत नाही आणि त्याची नोंद उत्तम होते. पत कमावण्यासाठी व्याज देण्याची मुळीच गरज नाही.

मग व्याज येते कोठून? बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक पूर्ण देणे आणि दुसरे किमान देणे. किमान देणे बहुधा बिलाच्या 5 टक्क्यांच्या आसपास असते. तेवढे भरले तर खाते थकीत धरले जात नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज सुरू होते. एक हिशेब पाहू. समजा, बिल 20,000 रुपयांचे आहे आणि विद्यार्थ्याने किमान देणे म्हणून 1,000 रुपये भरले. उरले 19,000. व्याज महिना साडेतीन टक्के धरले तर ते 665 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 120 रुपये. एकूण 785. म्हणजे खिशातून 1,000 गेले आणि कर्ज कमी झाले फक्त 215 रुपयांनी! या गतीने वीस हजारांचे बिल फेडण्यात शिक्षण संपून नोकरी लागायची वेळ येईल. शिवाय एकदा बाकी मागे राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या वहीपेनावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते.

महिना साडेतीन टक्के ऐकायला लहान वाटते, पण ते वर्षाला 42 टक्के होते. जुन्या सावकारालाही लाजवील असा हा दर आहे. त्याला वरची मर्यादा आहे का? "आवाज" या संस्थेच्या तक्रारीवर राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये निर्णय दिला होता की, कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 20 डिसेंबर 2024 रोजी न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे आज 30 टक्क्यांची ती भिंत उरलेली नाही. संरक्षण हवे असेल तर ते आपले आपणच करायचे, आणि त्याचा एकच मार्ग आहे : पूर्ण बिल, मुदतीत.

शरियतच्या बाजूने

येथे काही वाचक म्हणतील की व्याज प्रत्यक्षात भरलेच नाही तर हरकत कोणती? उलेमांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. इस्लामी सहकार्य संघटनेशी संलग्न आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीच्या रियाध येथील बैठकीत सप्टेंबर 2000 मध्ये ठराव झाला. ज्या कार्डाच्या करारात उशिरा भरल्यास व्याज देण्याची अट आहे, ते कार्ड घेणे जायज नाही, मुदतीत भरण्याचा इरादा असला तरीही, असे त्या ठरावाचे म्हणणे आहे. कारण व्याजाच्या अटीवर सही करणे हाच आक्षेपाचा भाग मानला गेला. व्याजाची अट नसलेल्या कार्डाला, ठरावीक सेवाशुल्काला आणि दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या कमिशनला मात्र त्याच ठरावाने मोकळीक दिली. आपल्या खात्यातील रकमेतूनच पैसे कापून घेणाऱ्या कार्डाला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डेबिट कार्डासारख्या कार्डाला, तर अडचणच नाही.

दुसरीकडे, गरज असेल आणि बिल नक्की मुदतीत पूर्ण भरले जाईल अशी व्यवस्था असेल, तर सवलत देणारे उलेमाही आहेत. आपल्या देशात व्याजाची अट नसलेले बँकेचे क्रेडिट कार्ड मिळत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. 2015 मध्ये दीपक मोहंती समितीनेही साध्या बँकांत वेगळी खिडकी सुचवली. परंतु 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे जाहीर केले. मलेशिया आणि आखाती देशांत ज्या प्रकारची इस्लामी कार्डे मिळतात ती येथे नाहीत.

या मतभेदात निवाडा देणे हे व्यापार पानाचे काम नाही. प्रत्येकाने आपल्या विश्वासातील आलिमांना करारातील अटी दाखवून विचारावे. विचारताना "क्रेडिट कार्ड चालते का?" एवढेच न विचारता, व्याजाची अट अशी आहे, भरण्याची माझी व्यवस्था अशी आहे आणि गरज ही आहे, असे सांगून विचारावे. प्रश्न पुरा असेल तर उत्तरही पुरे मिळते.

निवडताना काय पाहावे?

सवलतीचा मार्ग ज्यांना मान्य आहे किंवा ज्यांनी कार्ड घ्यायचे ठरवलेच आहे, त्यांच्यासाठी पुढील बाबी आहेत.

पहिली बाब, आपल्याला कार्ड मिळू शकते का? वय 18 पूर्ण हवे. बँका उत्पन्न पाहतात आणि विद्यार्थ्याला उत्पन्न नसते. म्हणून बहुतेक विद्यार्थ्यांपुढे दोनच वाटा असतात. एक, आई-वडिलांच्या कार्डावरचे पुरवणी कार्ड. दुसरी, मुदत ठेवीच्या तारणावरचे कार्ड. पुरवणी कार्डाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. त्यावर मुलाने उधळले तर वडिलांची वही बिघडते, आणि मुलाने नीट वापरले तरी स्वतःची वेगळी नोंद होईलच असे धरून चालता येत नाही. पत कमावण्यासाठी ही वाट कामाची नाही.

मुदत ठेवीवरच्या कार्डात आपलेच पैसे बँकेत अडकवून त्याच्या काही टक्के किंवा तेवढीच मर्यादा मिळते. पंधरा-वीस हजारांच्या ठेवीवरही काही बँका असे कार्ड देतात. बिल थकले तर बँक ठेवीतून वसूल करते. विद्यार्थ्यासाठी हा प्रकार त्यातल्या त्यात बरा, कारण अंथरूण आधीच मोजलेले असते. मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. ठेव तारण असली तरी करारात व्याजाची अट असतेच, म्हणून वर दिलेल्या ठरावाचा आक्षेप यालाही लागू होतो. आणि ठेवीवर जे व्याज जमा होते त्याचे काय करायचे, हेही आलिमांना विचारावे. सवाबाची अपेक्षा न ठेवता ती रक्कम गरजूंना देऊन टाकावी असे अनेक उलेमा सांगतात.

दुसरी बाब शुल्काची. पहिले कार्ड वार्षिक शुल्क नसलेले असावे. "पहिले वर्ष मोफत" आणि "कायम मोफत" यांत फरक आहे. अमुक खर्च केल्यास शुल्क माफ, ही अट विद्यार्थ्याला खर्चाला लावण्यासाठीच असते.

तिसरी बाब मर्यादेची. मर्यादा लहानच मागावी. बँकेला आपल्या स्पष्ट संमतीशिवाय ती वाढवता येत नाही.

चौथी बाब, शक्यतो ज्या बँकेत आपले बचत खाते आहे तिचेच कार्ड घ्यावे. म्हणजे देय तारखेला पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापले जाण्याची सूचना देता येते. ही सूचना देताना "पूर्ण देणे" हाच पर्याय निवडला आहे ना, हे दोनदा तपासावे. "किमान देणे" निवडले गेले तर नकळत व्याजाच्या चक्रात पाय पडतो. व्याज टाळण्यासाठी याहून मोठी खबरदारी नाही.

पाचवी बाब, एका वेळी एकाच ठिकाणी अर्ज करावा. प्रत्येक अर्जाची नोंद होते, आणि महिन्याभरात पाच ठिकाणी विचारणा दिसली तर माणूस पैशासाठी धावपळ करीत आहे असा अर्थ काढला जातो. अर्ज नाकारला तर कारण लेखी देणे बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे आणि मगच दुसरीकडे जावे.

बक्षिसाचे गुण, सिनेमाच्या तिकिटावर सूट, विमानतळावरची विश्रांतीची खोली या गोष्टी पहिल्या कार्डाच्या निवडीत धरूच नयेत. शंभर रुपयांच्या सुटीसाठी हजाराची खरेदी करणारा सौदागर कोणत्याच बाजारात टिकत नाही.

कार्ड हाती आल्यावर

बिलाची तारीख आणि देय तारीख या दोन तारखा पाठ असाव्यात. समजा, बिल दर महिन्याच्या 5 तारखेला निघते आणि 25 तारखेपर्यंत भरायचे आहे. 6 तारखेला केलेली खरेदी पुढच्या महिन्याच्या 5 तारखेच्या बिलात येईल आणि 25 तारखेला भरावी लागेल. म्हणजे जवळजवळ 50 दिवस मिळाले. तीच खरेदी 4 तारखेला केली तर 21 दिवसच मिळतात. घरून पैसे महिन्याच्या 10 तारखेला येत असतील आणि देय तारीख 5 असेल तर ओढाताण ठरलेली. बिलाची तारीख बदलून मागता येते. ती आपल्या पैशांच्या वेळेशी जुळवून घ्यावी.

मर्यादेच्या तीस टक्क्यांपेक्षा अधिक वापर टाळावा असा जाणकारांचा सल्ला असतो. मर्यादा 20,000 असेल तर 6,000. विद्यार्थ्याने एवढाही वापर करू नये. मोबाईलचे रिचार्ज, रेल्वे किंवा एसटीचे तिकीट असा एखाददुसरा ठरलेला खर्चच कार्डावर टाकावा, बाकी सर्व नेहमीप्रमाणे. असे साधारण सहा महिने झाले की आकडा दिसू लागतो.

सप्टेंबर 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. त्यामुळे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत कोड स्कॅन करून उधारी करता येते. सोय मोठी आहे, पण मोहही मोठा आहे. खात्यातून पैसे गेले की लगेच कळते, उधारीवर गेले की महिन्याने कळते. कार्डाने रोख रक्कम तर कधीच काढू नये. तिला बिनव्याजी मुदत मुळीच नसते. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते आणि शुल्क वेगळे.

एखाद्या महिन्यात तारीख चुकलीच तर घाबरून लपून राहू नये. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा अधिक उशीर झाल्यावरच खाते थकीत म्हणून कळवावे आणि विलंब शुल्क लावावे, असा रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांतील नियम आहे. त्या तीन दिवसांत मित्राकडून, भावाकडून हातउसने घेऊन पूर्ण बिल भरून टाकावे. हातउसने घेतले तर तेही लिहून ठेवावे. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, आणि कुरआनातील ती सर्वांत मोठी आयत आहे. देण्याघेण्याची लेखी नोंद ही आपल्यासाठी नवी गोष्ट नव्हे.

कार्डच नको असेल तर

ज्यांना करारातील व्याजाची अटच मान्य नाही, त्यांनी कार्ड घेतले नाही म्हणून त्यांचे भविष्य बंद होते, हे विक्रेत्याचे बोलणे खरे नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाही या कारणावरून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2025 च्या निर्देशांत म्हटले आहे. अर्थात बँक अन्य गोष्टी पाहणारच. म्हणून त्या अन्य गोष्टी तयार ठेवाव्यात. खात्यातून नियमित व्यवहार, प्राप्तिकराचे विवरणपत्र, वडिलांच्या दुकानात हातभार लावत असाल तर जीएसटीची विवरणे आणि उद्यम नोंदणी, भाडे व वीजबिल वेळेवर भरल्याचे पुरावे. रोखीने चालणारा धंदा कितीही मोठा असला तरी कागदावर तो दिसत नाही. आपल्या समाजातील कित्येक चांगले व्यापारी बँकेच्या दारात अडतात ते सिबिलमुळे नव्हे, तर हिशेबाचा कागद नसल्यामुळे. ही उणीव कोणत्याही व्याजाशिवाय भरून काढता येते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बचत खाते, पॅन आणि विवरणपत्र स्वतःच्या नावाने असू द्यावे. उद्या त्यांना शिवणकाम, दवाखाना किंवा शिकवणीचा वर्ग सुरू करायचा झाला तर वडिलांच्या वा पतीच्या वहीवर अवलंबून राहावे लागू नये.

फसवणूक आणि तक्रार

न मागितलेले कार्ड पाठवणे नियमबाह्य आहे. असे कार्ड आपल्या संमतीविना सुरू करून बिल लावले तर बँकेला ती आकारणी परत घ्यावी लागते आणि वर तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. कार्ड बंद करण्याची विनंती केली आणि बाकी शून्य असेल तर सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे. उशीर झाल्यास दिवसाला 500 रुपये दंड बँकेवर आहे. अर्जासोबत मुख्य अटींचा एक पानी तक्ता मिळतो. सही करण्यापूर्वी त्यातील व्याजदर, विलंब शुल्क आणि रोख रकमेचे शुल्क या तीन ओळी तरी वाचाव्यात. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही, सांगू नये. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

थोडक्यात सांगायचे तर विद्यार्थ्याने आधी गरज तपासावी, मग आलिमांना विचारावे, मग खिसा पाहावा आणि शेवटी कार्ड निवडावे. बाजारात हा क्रम नेमका उलटा चालतो. कार्ड घेणारा आणि न घेणारा, दोघांनाही पत कमवायची आहे, आणि ती दिलेला शब्द दिलेल्या तारखेला पाळण्याने मिळते. जुन्या सौदागरांची वही याच नियमाने चालत होती. आजची संगणकातील वहीही तोच नियम पाहते. म्हणून या महिन्याच्या देण्यांची यादी करून प्रत्येकापुढे तारीख लिहिण्यापासून सुरुवात करावी. त्यासाठी कोणत्याही कार्डाची गरज नाही.